सगळे उभे होते

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी हॉस्पिटलातल्या माणसांवर आवाज चढवला की कुणाला नवल वाटायला नको. २००६ सालच्या उन्हाळ्यात आई-बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, पार्सिपनीला राहायला आले होते. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळायचा. नवरा दर सोमवारी विमानाने प्लेनोला कामावर जायचा तो शुक्रवारी उगवायचा. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. पार्किंगमधले दिवे भर उन्हातही कसे जळत असतात, यावर त्यांचं मला रोज एक भाषण व्हायचं. आईची मात्र आल्या आल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंशी गट्टी जमली. काकू एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि आमच्या वस्तीतल्या निम्म्या मराठी घरांच्या खबरी त्यांच्याकडे असायच्या. पण त्या पोटातलं ओठावर येऊ देत नसत, हा त्यांचा मोठाच गुण.

ऑगस्टमध्ये आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. काकू काम करायच्या ते हॉस्पिटल लांब, म्हणून आम्ही जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो.

ऑपरेशनआधी नर्सनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र निघालं, ते बाबांनी रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं. प्रश्न बांगड्यांचा होता. आईच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, अगदी घट्ट बसलेल्या. साबण लावून काही निघाल्या, उरलेल्या वाढवाव्या लागल्या. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नर्सला ते कोण सांगणार? तिनं एक टॉवेल गुंडाळून त्या चटाचट फोडल्या आणि डाव्या मनगटावर नावाचा पांढरा प्लॅस्टिकचा पट्टा चढवला. उजवा हात भुंडा राहिला. आईनं तो हात चादरीखाली घेतला तो घेतलाच.

ऑपरेशन छान झालं. दुपारी तिला खोलीत आणलं आणि मी खाली गाडी हलवायला गेले. परत आले तर दोघं एखादी गंमत केल्यासारखी माझ्याकडे बघत होती. आईच्या उजव्या मनगटावर एक पट्टा होता, हिरवागार. बाहेर नर्सच्या टेबलापाशी रंगीत पट्ट्यांचा डबा होता. बाबांनी तिथल्या एका मदतनीस बाईला आपल्या सरकारी इंग्रजीत सांगितलं होतं की माय वाइफ्स हँड शुड नॉट बी एम्प्टी, काइंडली गिव्ह ग्रीन. ती बाई एजन्सीकडून बदली म्हणून त्याच दिवशी आलेली, चांगली पन्नाशीची, हसरी. तिनं कौतुकानं पट्टा आणला आणि आईच्या हातात घालून 'प्रिटी' म्हणाली. बाबा एरवी असल्या रीतींना नाकं मुरडणारे. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा असा खुलला होता की मलाही हसू आलं. मी म्हटलं, 'चला, अमेरिकन चुडा भरून झाला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेज खात होती. चमचा तिच्या हातातून खाली पडला आणि मान एका बाजूला कलंडली. बाबा ओरडले, मी ओरडले. नर्स आली, तिनं आईची मान चाचपली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. छतातल्या स्पीकरमधून एक बाई अगदी शांत आवाजात 'कोड ब्लू' आणि आमच्या खोलीचा नंबर बोलायला लागली. माणसं धावत आली, चाकांवरचं कपाट ढकलत आली. आम्हाला कुणीतरी दाराबाहेर काढलं आणि पलंगाभोवतीचा पडदा सर्रकन ओढला.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालून बूट दिसत होते. पांढरे, निळे, रबरी, एकावर वाळलेल्या चिखलाचा डाग. ते भराभर इकडून तिकडे हलत होते, चाकं करकरत होती, कुणीतरी आकडे मोजत होतं.

आणि मग बूट थांबले.

सगळे एकदम. आवाजही थांबला. आकडे मोजणारा थांबला. मला वाटलं, आता कुणीतरी बाहेर येईल आणि काय ते सांगेल. कुणी आलं नाही. इतकी माणसं आत असून आत कुणीच नसावं अशी ती शांतता होती. एका मशीनचा लांबलचक सूर तेवढा चालू होता. बाबांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते बुटांकडेच बघत होते. ते सगळे बूट आईच्या पलंगाकडे टोकं करून उभे होते. किती वेळ, ते मला विचारू नका. मला अजूनही कधी कधी वाटतं की ते तसेच तिथे उभे आहेत.

मग एक बाई मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि बूट पुन्हा हलायला लागले.

आई वाचली. हृदयाची लय बिघडली होती, ती ताळ्यावर आली. दोन दिवस तिला आयसीयूत ठेवलं, सगळ्या तपासण्या केल्या. मेंदूला काही नाही, हातापायाला काही नाही, सगळं जिथल्या तिथे. आयसीयूत मी तिला पाहिलं तेव्हा तिच्या उजव्या मनगटावर काहीच नव्हतं. सुजलेल्या कातडीवर पट्ट्याचा वळ तेवढा होता.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी चहा पिताना ती म्हणाली, 'सगळे उभे होते.'

'कोण?'

'तेच. माझ्या भोवती. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. एकजण छाती दाबत होता. मग एक बाई 'स्टॉप' म्हणाली. इतकं इंग्रजी कळतं मला. सगळ्यांनी हात काढून घेतले आणि उभे राहिले. मी ओरडत होते, अरे मी आहे, मी आहे. आवाजच फुटेना.' मग तिनं कप खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, 'अहो, उभे होते ना?'

'भास झाला तुला,' बाबा म्हणाले. 'औषधांमुळे होतं असं.'

मी ते बूट पाहिले होते, आणि बाबांनीही.

त्या दिवसापासून आमचं घर बिघडलं. आईला कुणी स्थिर उभं राहिलेलं चालेना. मी ओट्याशी उभी राहून दूध तापायची वाट पाहत असले की मागून आवाज यायचा, 'हल गं.' बाबा खिडकीशी उभे राहिले की, 'अहो, फिरा जरा.' दुकानात पैसे द्यायची रांग दिसली की ती माझा दंड गच्च धरायची आणि आम्ही सामान तसंच टाकून बाहेर यायचो. मग आम्हाला सवयच लागली. फोनवर बोलताना मी येरझारा घालायचे, बाबा उभ्या उभ्या पाय हलवत राहायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर आम्हा तिघांना वेड लागलंय असंच म्हटलं असतं. ती झोपत नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची आणि पहिला प्रश्न हाच, 'मी आले ना परत? खरंच आले ना?' एकदा तिनं मला तिचा हात चिमटायला लावला. दुखलं, म्हणाली, पण दुखण्याचं काय, तेव्हाही दुखतच होतं.

मी तिला हो म्हणायला हवं होतं, हे उघड आहे. पण तोवर मी काकूंकडे जाऊन आले होते.

काकूंना मी एकटीनं गाठलं होतं. हिरवा पट्टा म्हणजे काय, विचारलं. काकू धुणं वाळवणीच्या मशीनमध्ये टाकत होत्या, त्यांचे हात थांबले. 'प्रत्येक हॉस्पिटलचे रंग वेगळे असतात गं. आमच्याकडे हिरवा म्हणजे, हृदय बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका, असं पेशंटनं स्वतः लिहून दिलेलं असतं. तुमच्या त्या हॉस्पिटलात काय, मला माहीत नाही. का गं?'

मी सगळं सांगितलं. काकू हातातला टॉवेल घेऊनच खाली बसल्या. 'ती बाई बदलीची ना, तिच्या नेहमीच्या हॉस्पिटलात हिरव्याचा अर्थ दुसराच असेल,' त्या म्हणाल्या. आणि मग, 'मी तुला काही बोलले नाही हं.'

म्हणजे आईला 'हो, सगळे उभे होते' असं सांगायचं, तर ते का उभे होते हेही बाबांपुढे उघडं पडणार. ज्या माणसानं आयुष्यात बायकोसाठी एक हौसेची गोष्ट मागून आणली, ती ही. आईला खरं कळलं नाही तर ती अशीच अर्धी तिकडे राहणार, आणि कळलं तर बाबा जाणार. मी रोज गाडी चालवताना हाच हिशेब मांडायचे आणि तो जुळायचा नाही.

शेवटी वाटलं, निदान हॉस्पिटलनं तरी सांगावं. कारण काहीतरी दुसरंच निघावं, ही खरी आशा. एखादं मशीन बंद पडलं होतं, वीज गेली होती, काहीही. मी फोन लावला. ज्याच्या त्याच्याकडून एकच वाक्य आलं, 'वी आर जस्ट सो ग्लॅड शी इज डूइंग वेल.' ऑपरेटर तेच म्हणाला, सर्जन तेच म्हणाला, त्या मजल्यावरची मुख्य नर्सही तेच म्हणाली. शब्द तेच, मधला थांबा तोच. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी फोनवर चांगला आवाज चढवला, तेव्हा कुठे पेशंट सेफ्टीच्या बाईंची भेट मिळाली. बाबा म्हणाले, मीही येतो. त्यांना कसं थांबवणार?

बाई सभ्य होत्या. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. त्यांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. राज्यानं एक-दोन वर्षांपूर्वीच तो केला होता. टाळता आली असती अशी गंभीर इजा पेशंटला झाली, तर हॉस्पिटलनं ती राज्याला कळवायची आणि पेशंटलाही सांगायची. पण तुमच्या आई ठणठणीत घरी गेल्या. थोडक्यात निभावलेल्या गोष्टी कर्मचारी वाटलं तर कळवतात, नाव न देता. आणि आतली चौकशी, कोण काय म्हणालं, कशामुळे झालं, हे सगळं गुप्त राहतं. कोर्टालाही ते मागता येत नाही. का, तर माणसांनी न घाबरता खरं बोलावं म्हणून.

'म्हणजे काहीतरी घडलं होतं,' मी म्हटलं.

'घडलं होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही म्हणत नाही.'

'माझी आई म्हणते सगळे उभे होते. आम्ही बूट पाहिले.'

'वी आर जस्ट सो ग्लॅड,' बाई म्हणाल्या, आणि पुढचं मीच मोठ्यानं पूर्ण केलं. माझा आवाज इतका चढला की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते. तोंडातून वाक्य तेच येत होतं आणि डोळे भलतंच काही सांगत होते. मला त्या पाण्याची भीती वाटली. एखाद्या माणसाला आतून कुलूप लावलंय आणि तो खिडकीतून आपल्याकडे बघतोय, तसं वाटलं.

पंचाईत ही की कायदा मला पटला होता. आमच्या ऑफिसातही चूक सापडली की कुणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम होता, आणि त्यामुळेच चुका सापडायच्या. पण आमच्या प्रोग्रामला कधी वाटत नव्हतं की आपण मेलोय.

निघताना लिफ्टमध्ये मजला चुकला आणि आम्ही आई होती त्याच मजल्यावर उतरलो. नर्सच्या टेबलापाशी तो डबा नव्हता. आम्ही कॉरिडॉरमधून चालत गेलो. दारं उघडी होती, एकेक हात चादरीवर दिसत होता. सगळ्यांच्या मनगटावर पांढरा पट्टा. लाल नाही, पिवळा नाही, हिरवा नाही. महिन्याभरापूर्वी त्याच मजल्यावर निम्मे हात रंगीत होते. काहीही न घडलेल्या गोष्टीनंतर सगळ्या मजल्याचे रंग पुसले गेले होते. बाबा माझ्यापुढे चालत होते आणि प्रत्येक दारापाशी त्यांची मान वळत होती. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही याचं मला हायसं वाटलं, आणि ते का विचारत नाहीत हा विचार मला सुचलाही नाही.

परतीचं विमान आठवड्यावर आलं. आईनं नागपूरला न्यायच्या वस्तूंसाठी इंडियन स्टोअरमध्ये जायचा हट्ट धरला. दुपारची वेळ, दुकान रिकामं. आम्ही तिघं डाळींच्या फळ्यांपाशी होतो. पलीकडच्या बाजूला एक बाई दुकानदाराला नारळाच्या तेलाचा भाव विचारत होती. तो आवाज ऐकताच आईनं ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

'हीच ती,' ती म्हणाली. 'स्टॉप म्हणणारी.'

मी काही बोलायच्या आत ती वळसा घालून तिकडे गेली. केरळची नर्स होती. मीही तिला ओळखलं, आईच्या खोलीतलं बटण दाबणारी तीच. आमची आई नागपूरची, हिंदी तिच्या जिभेवरच असतं.

'सिस्टर, तुम वहाँ थी ना?'

नर्सनं आईकडे पाहिलं. तिच्या हातातली तेलाची बाटली तिनं परत फळीवर ठेवली. 'अम्मा, आप अच्छा है? मैं उसका बात नहीं कर सकती.'

'मत करो. मैं बताती हूँ, तुम सिर्फ सुनो,' आई म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं, छाती दाबणारे हात, स्टॉप, मग सगळ्यांचं उभं राहणं, तिचं स्वतःचं ओरडणं. नर्सचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

'अम्मा,' ती म्हणाली, 'आपने सब सुना?'

एवढंच. आईनं डोळे मिटले आणि असा श्वास सोडला, जणू कितीतरी दिवस तो तिनं कोंडून धरला होता. नर्सनं आईचे हात आपल्या हातात घेतले. 'हम लोग रुक गया था. मैंने रोका. फिर मुझे याद आया, सुबह तो आप हँस रहा था, मुझे बोला घर जाके आम का अचार डालना है. ऐसा पेशंट कागज पे वैसा क्यों लिखेगा? मैं चिल्लाई. गलती हमारा था, अम्मा. सिर्फ हमारा.'

'और वो हरा पट्टा?' मागून बाबा म्हणाले.

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं त्यांना ओळखलं, हे मला स्पष्ट दिसलं. मग तिच्या चेहऱ्यावरून सगळं निघून गेलं.

'कौन सा पट्टा, अंकल?' ती म्हणाली. आणि तेल न घेताच निघून गेली.

गाडीत आई मागच्या सीटवर आडवी झाली आणि हायवेला लागायच्या आतच झोपी गेली. तोंड उघडं, बारीकसं घोरणं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. बाबा माझ्या शेजारी होते. आमचं वळण आलं तेव्हा म्हणाले, 'सरळ जाऊ दे. झोपू दे तिला.' मी सरळ गेले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, 'चांगली बाई आहे. माझ्यासाठी खोटं बोलली.'

'बाबा...'

'तू काकूंकडे गेली होतीस ना? मी त्याच्या आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो.'

मी गाडीचा वेग कमी केला. काकूंनी दोघांचंही ऐकून घेतलं होतं आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं. म्हणजे त्या पेशंट सेफ्टीच्या खोलीत बाबा सगळं माहीत असून बसले होते, आणि मी त्यांना वाचवत होते.

'मला सगळं माहीत होतं,' बाबा म्हणाले, 'आणि ती रोज विचारायची, उभे होते ना? मी रोज सांगायचो, भास झाला तुला. तिला वेडी ठरवत होतो मी. का, तर मला माझी लाज वाटत होती.' ते रडत नव्हते. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

'तुम्ही कुठे आणलात तो,' मागून आईचा आवाज आला. 'मीच म्हटलं होतं, हिरवा आणा.'

मी आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. तोंड तसंच उघडं, घोरणं तसंच चालू. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि ते तसेच वळलेले राहिले.

घरी पोचल्यावर मी तिला विचारलं, गाडीत काय म्हणालीस? 'मी?' ती म्हणाली. 'मी तर मेल्यासारखी झोपले होते.' आणि स्वतःच्याच शब्दाला हसली. मग तिला बाबा दिसले. ते दारातच थांबले होते, चप्पल काढायची विसरून, अगदी स्थिर. आई त्यांना 'हला' म्हणाली नाही. ती जवळ गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबांनी सगळं सांगितलं, पट्टा मागितल्यापासून काकूंपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. ते संपेपर्यंत आई जागची हलली नाही.